तीन मिलिमीटरचा हुक

सदफच्या जावेद मामूंचं रोशन गेटजवळ एक छोटं दुकान होतं. शहरातल्या दवाखान्यांच्या कात्र्या आणि चिमटे तिथं धार लावायला येत. सदफचे वडील ती पाळण्यात असतानाच वारले होते. आई सगीरा लोकांचे कपडे शिवायची. त्यामुळं शाळा सुटली की पोरगी मामूंच्या दुकानात जाऊन बसायची आणि कुठल्या कात्रीनं माणसाचं नेमकं काय कापतात, हे विचारून त्यांचं डोकं खायची. मामूंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिला इंजिनिअरिंगला घातलं, आणि शिकून झाल्यावर पुण्याची नोकरी सोडून ती त्यांच्याकडेच आली, तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीत मिठाई वाटली.

तोवर मामूंनी चिकलठाण्याला एक शेड घेतली होती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची अवजारं तिथं दुरुस्तीला येत. ही शस्त्रक्रिया म्हणजे पोट न फाडता केलेली. पोटाला दोन-चार बारीक छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा आत सोडायचा, बाकीच्यांतून लांब दांडीची अवजारं, आणि डॉक्टरनं पडद्याकडे बघत काम करायचं. बहुतेक अवजारं परदेशी असत. मोडली की दवाखान्यांना नवी घेणं जड जाई, म्हणून ती मामूंकडे येत. सदफ ती उघडायची आणि कुणी कशी बनवलीत ते बघत बसायची.

त्यातल्या एका अवजारानं तिला धरलंच. त्याला हुक म्हणत. लांब सरळ दांडी आणि तिच्या टोकाला वाकवलेली जाड तार. तारेत वीज सोडली की ती मांस कापते आणि कापता कापता रक्तही थांबवते. पित्ताशय काढताना ते यकृतापासून सोडवायला हा हुक लागतो. टोक उघडं, बाकीच्या दांडीवर काळं आवरण, म्हणजे वीज भलतीकडे जायची नाही. परदेशी हुकाची दांडी पाच मिलिमीटर जाड होती. शहरातल्या एका खासगी दवाखान्यातले डॉक्टर बोर्डे मामूंकडे नेहमी यायचे. एकदा ते सहज बोलून गेले, "हेच तीन मिलिमीटरमध्ये मिळालं ना, तर पेशंटच्या पोटावर टाकासुद्धा घालावा लागणार नाही."

सदफनं ते मनावर घेतलं. पुढची दोन-अडीच वर्षं ती त्या हुकामागं होती. कसायाकडून बकऱ्याची कलेजी आणायची, टेबलावर ठेवून तिच्यावर नवा हुक चालवायचा. शेडमध्ये जळक्या मांसाचा वास भरून राही आणि वेल्डिंग करणारा बन्सी नाकाला रुमाल बांधून काम करी. बारीक दांडी वाकायची, तर तिनं पोलाद बदललं. धुताना दांडीच्या आत रक्त अडकायचं, तर तिनं हुकाचे तीन भाग सुटे होतील असं केलं. शेवटी राहिलं आवरण.

तिच्या मनात दोन थरांचं आवरण होतं. आतला थर पिवळा, वरचा काळा. दवाखान्यात अवजार वाफेच्या यंत्रात पुन्हा पुन्हा तापतं, दुसऱ्या अवजारांवर घासतं. वरचा थर झिजला की पिवळं दिसेल आणि नर्स ते बाजूला काढेल. युक्ती सोपी होती, पण दोन थर चढवले की दांडी तीन मिलिमीटरात बसेना.

"पुढच्या खेपेला कर," मामू म्हणाले. "डॉक्टर लोकां राह देख रहे हैं, बेटा."

सदफ तेव्हा भांडली असती तर मामूंनी ऐकलं असतं. ते तिचं सहसा मोडत नसत. पण साडेतीनचा हुक घेऊन डॉक्टरांपुढे जायचं तिच्या जिवावर आलं होतं. तीनचा आकडा तिनं सगळ्यांना सांगितला होता. एका थराचं आवरण चाचण्यांत टिकलं होतं, कागदावर सगळं बरोबर होतं. तिनं मान हलवली आणि हुक बाजारात गेला.

तो चांगला चालला. डॉक्टर बोर्डेंनी दुसऱ्या डॉक्टरांना सांगितलं, जालन्या-बीडकडून मागणी आली. शेडमध्ये नवी माणसं लागली. सगीराच्या घरी लोक येऊन म्हणू लागले, तुमच्या पोरीनं नाव काढलं.

मग एका उन्हाळ्यात बोर्डेंच्या दवाखान्यातून एक हुक दुरुस्तीला आला. तक्रार एवढीच, की नीट कापत नाही. सदफनं आवरण भिंगाखाली धरलं, काही दिसलं नाही. शेडमध्ये आवरण तपासायचं एक यंत्र होतं. त्याचा तारांचा ब्रश दांडीवरून फिरवायचा, आवरणात कुठं भोक असलं तर तिथून ठिणगी उडते. तिनं ब्रश फिरवला. दांडीच्या मध्यावर चट् असा आवाज झाला आणि निळी ठिणगी उडाली. भोक सुईच्या टोकाएवढंही नव्हतं.

ती जागा अशी होती की शस्त्रक्रियेच्या वेळी ती पोटात असते, पण कॅमेऱ्यात येत नाही. डॉक्टर पडद्यावर टोकाकडे बघत असतो. मागं दांडी आतड्याला टेकली आणि त्या भोकातून वीज गेली, तर कुणाला कळणारही नाही.

त्या दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये आमरीन नावाची नर्स होती, सदफची शाळेतली मैत्रीण. सदफनं तिला फोन लावला.

"आमरीन, तो दुरुस्तीला पाठवलेला हुक. त्यानं ऑपरेशन झालेल्यांपैकी कुणाला काही त्रास झाला का?"

"का गं?"

"आवरणाला भोक आहे."

आमरीन म्हणाली, "थांब, मी बाहेर येऊन बोलते."

बाहेर येऊन तिनं सांगितलं ते असं. फुलंब्रीच्या पुढं मेंढ्या राखणाऱ्यांची एक वस्ती आहे. तिथली बानाबाई म्हणून एक बाई काही महिन्यांपूर्वी पित्ताच्या खड्यांसाठी आली होती. ऑपरेशन त्याच हुकानं झालं, व्यवस्थित झालं, बाई चालत घरी गेली. दोन-तीन दिवसांनी पोट फुगलं, ताप चढला. घरच्यांनी आधी गावातलं औषध दिलं, मग घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं पोट उघडलं तर आतड्याला भोक आणि सगळीकडे पू. बाई वाचली नाही.

"बोर्डे सरांनी नातेवाइकांना सांगितलं, तुम्ही पथ्य पाळलं नाही, लगेच जड खायला घातलं," आमरीन म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना तेच वाटलं, सदफ. खरंच."

सदफनं हुक कपड्यात गुंडाळला आणि मामूंच्या टेबलावर नेऊन ठेवला. मामूंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला. हुक हातात न घेताच ते म्हणाले, "दवाखान्यात काय काय होतं त्याचं. आपटतात, घासतात. त्याला आपण काय करणार?"

"मामू, बाकीचे हुक परत मागवायला पाहिजेत."

"मागवू. हळूहळू मागवू. दुरुस्तीच्या नावानं."

"आणि त्या बाईच्या घरी?"

"कायकू?" मामू पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "तू गेलीस म्हणून ती परत येणार आहे? इथं पोटाला लागलेली माणसं आहेत, सदफ. बन्सीच्या घरात तो एकटा कमावतो."

डॉक्टर बोर्डेंकडेही ती गेली. ते म्हणाले, असल्या गोष्टी नक्की कधीच सिद्ध होत नाहीत. तिचे हुक वापरायचं त्यांनी त्याच दिवशी बंद केलं. पण वस्तीवर काही कळवलं नाही.

सदफनं पुष्कळ दिवस तसेच काढले. शेवटी तिनं आईला सांगितलं. सगीरानं आधी भावाचीच बाजू घेतली. त्यानं तुला वाढवलं, त्याच्या घरावर दगड मारू नकोस म्हणाली. पण पुढच्या रविवारी सदफ निघाली, तेव्हा सगीरा बुरखा घालून दाराशी उभीच होती.

"एकटी नको जाऊस," एवढंच ती बोलली.

वस्ती डांबरी रस्त्यापासून बरीच आत होती. बानाबाईचा नवरा मल्हारी बाभळीखाली बसला होता. मोठ्या हाडाचा माणूस, पण आतून पोखरल्यासारखा. दोन अनोळखी बाया बघून तो उठला, सुनेला पाणी आणायला सांगितलं. सून ज्ञानेश्वरी तांब्या ठेवून दारातच थांबली.

सदफनं दवाखान्याचं नाव काढलं तसं मल्हारी आपणहूनच बोलू लागला. गेले कित्येक महिने तो हेच बोलत असावा.

"घरी आनली तवा चांगली व्हती. म्हनली, पातळ खाऊन जीव आंबला, भाकर द्या. मी दिली. दुधात चुरून दिली. डाक्टर म्हनला व्हता नगं देऊ. मपल्या हातानं दिली मी." त्यानं हात पुढं धरला. "पोरगं तवापासून बोलत नाय माझ्याशी. अजिनाथ. तिकडं वाड्यावर ऱ्हातो मेंढ्यांपाशी. जेवायला बी येत नाय. म्हनतो, तुम्ही माझी माय मारली. त्याचं काय चुकलं?"

सदफनं वाटेत सगळं मनात जुळवून आणलं होतं. कुठून सुरू करायचं, काय आधी सांगायचं. त्यातलं काहीच आठवेना.

"बाबा, भाकरीनं नाही झालं ते," ती म्हणाली.

मल्हारीनं तिच्याकडं बघितलं.

"आतडं ऑपरेशनच्या वेळीच भाजलं होतं. त्या हत्याराला भोक होतं, त्यातून वीज गेली. मावशी घरी यायच्या आधीच ते झालं होतं. तुम्ही पाण्याचा थेंब दिला नसता तरी हेच झालं असतं."

"परत सांगा."

तिनं परत सांगितलं. मग त्यानं आणखी एकदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. सदफला वाटलं, आता हा माणूस रडेल. तो रडला नाही.

"डाक्टरला ठावं व्हतं?"

"तेव्हा नव्हतं. आता आहे."

"आन् ते हत्यार? ते कुठलं?"

"आमच्या कारखान्यातलं. मीच बनवलंय ते. दोन थर द्यायला पाहिजे होते, मी एकच दिला."

मल्हारीनं तिच्याकडं बघत डोक्याचा पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. मग काठी उचलली आणि मेंढ्यांकडं चालू लागला. वळून त्यानं पाहिलं नाही. दारातून ज्ञानेश्वरी म्हणाली, "मामंजी आता येणार नायत. तुम्ही जावा, ताई."

पण दोघी बांधापर्यंत पोचल्या नाहीत तोच मागून अजिनाथ धावत आला. बापानं त्याला सांगितलं होतं. त्या घरात बाप-लेक इतक्या महिन्यांनी बोलले ते हे. त्याला धाप लागली होती.

"हे खरंय का?"

"खरंय."

"साहेबांपुढं सांगाल का? मी तक्रार करणार हाय."

सगीरानं सदफचा दंड धरला. पण ओढलं नाही.

"सांगेन," सदफ म्हणाली.

तक्रार झाली. जावेद मामूंनी सदफला शेडच्या दाराशीच थांबवलं. रागावले नाहीत ते. म्हणाले, "तुला शिकवलं त्याचं मला दुःख नाही. पण आता आत येऊ नको." महिनाभरात मागणी आटली आणि शेडला कुलूप लागलं. मामू पुन्हा रोशन गेटच्या दुकानात जाऊन बसले. बन्सी एकदा सदफला टीव्ही सेंटरच्या चौकात भेटला. हातगाडीवर कांदे विकत होता. तिनं हाक मारली तर ओळख न दाखवता त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाचे कांदे तोलायला घेतले.

हुक ज्या ज्या दवाखान्यांत गेले होते, तिथं सदफनं स्वतः फोन केले. बहुतेकांनी ते बाजूला काढले. एका ठिकाणच्या माणसानं सांगितलं, आवरण गेलंय हे आम्हाला दिसलंच होतं, वरून टेप गुंडाळून वापरतोय, काही अडचण नाही. त्या गावाला ती बसनं गेली आणि तो हुक मागून आणला. तिथं कुणाला काही झालं होतं का, हे तिला कुणी सांगितलं नाही.

सरकारी समितीची चौकशी लांबत गेली. सदफला बोलावणं आलं तेव्हा एका बाजूला मल्हारी आणि अजिनाथ बसले होते, दुसऱ्या बाजूला मामू. मामूंच्या वकिलानं तिला सौम्यपणे विचारलं, "तुम्ही ज्या यंत्रानं तपासलंत, त्याचा विजेचा दाब फार असतो ना?"

"हो."

"मग आवरण मुळात धड असेल, आणि तुमच्या तपासणीनंच त्याला भोक पडलं असेल, असं होऊ शकतं का?"

सगळे तिच्याकडं बघत होते. अजिनाथ पुढं वाकला होता.

"झिजलेल्या आवरणाला पडू शकतं," सदफ म्हणाली. "पण..."

"एवढंच विचारायचं होतं."

तिचं 'पण' कुणी ऐकून घेतलं नाही. निकालात आलं, की हुक ऑपरेशननंतर अनेक हातांतून गेला होता आणि ऑपरेशनच्या दिवशी आवरणाला भोक होतं, असं खात्रीनं म्हणता येत नाही. कुणावर दोष आला नाही. डॉक्टर बोर्डे आजही शस्त्रक्रिया करतात, आणि आमरीन म्हणते, आता ते प्रत्येक अवजाराची दांडी स्वतः उजेडात फिरवून बघतात.

निकालाच्या दिवशी बाहेर आल्यावर अजिनाथ सदफपुढं उभा राहिला.

"नाय पडत म्हनल्या असत्या तर काय बिघडलं असतं? एका शब्दाचं काम व्हतं."

"पडू शकतं, अजिनाथ. मी खोटं कसं बोलू?"

"मग आमच्या घरी तरी कशाला आल्या व्हत्या?" तो म्हणाला. मल्हारीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला घेऊन गेला. ते दोघं एकत्र चालत फाटकाबाहेर पडले, एवढं मात्र तिनं पाहिलं.

सदफ आता वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. राहायला बजाजनगरात. ईदला सगीरा भावाकडं जाते तेव्हा ती डब्यात शीरखुर्मा भरून देते. डबा परत येतो तो भरलेलाच. सगीरा तो ओट्यावर ठेवते आणि दोघी उभ्या उभ्या तोच खातात.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तिला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. ज्ञानेश्वरी होती. मल्हारीच्या जांघेत हर्निया झाला होता, मेंढ्यांमागं चालवेना.

"डाक्टर म्हनत्यात दुर्बिनीनं करू. मामंजी म्हनत्यात, आधी त्या बाईला इचार."

सदफ कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभी होती. ती बाहेर आली. "करून घ्या म्हणावं. चांगलंच असतं ते. जखम लहान राहते, लवकर हिंडायला-फिरायला लागतील."

"हत्यार नीट असंल का?"

"बहुतेक वेळा असतं," ती म्हणाली.

पलीकडे बोलणं झालं. मल्हारीचा आवाज दुरून येत होता, शब्द कळत नव्हते. मग ज्ञानेश्वरी पुन्हा फोनवर आली.

"मामंजी म्हनत्यात, तुम्ही खरं बोलल्या, बरं झालं. पन ते फाडूनच करून घेनार. डाक्टरच्या डोळ्याला सगळं दिसाया पायजे म्हनत्यात."

मल्हारीनं मोठी चीर देऊन ऑपरेशन करून घेतलं. जखम चिघळली. हिवाळाभर तो खाटेवर होता आणि मेंढ्या अजिनाथनं एकट्यानं राखल्या. आता मल्हारी काठी घेऊन वस्तीच्या आसपास हिंडतो, ओझं उचलत नाही. हे ज्ञानेश्वरीनंच नंतर फोन करून सांगितलं. चीर केवढी होती, असं सदफनं विचारलं. ज्ञानेश्वरी म्हणाली, वीतभर असंल.